‘ट्रॅकसाठी इव्हो, रोजसाठी एसटीआय’ : एका समजाचा प्रतिवाद

मित्सुबिशी लान्सर इव्होल्युशन आणि सुबारू इम्प्रेझा डब्ल्यूआरएक्स या दोन जपानी सेडान १९९२च्या शेवटच्या महिन्यांत पाठोपाठ बाजारात आल्या. १९९४मध्ये सुबारूने आपल्या गाडीची अधिक तिखट आवृत्ती एसटीआय या नावाने काढली आणि तेव्हापासून एकीचे नाव निघाले की दुसरीचे ओघाने येते. टर्बो इंजिन, चारही चाकांना मिळणारी ताकद, चार दारे, घरच्या माणसांना पुरेल एवढी जागा आणि महागड्या युरोपीय स्पोर्ट्स गाड्यांच्या तोडीचा वेग हे दोन्हींचे समान भांडवल. इव्होचे उत्पादन २०१५-१६च्या सुमारास थांबले, एसटीआय २०२१च्या मॉडेलबरोबर संपली; पण दोन्ही गाड्या सेकंडहँड बाजारात आहेत आणि त्यांच्याविषयीचा वादही चालू आहे.

या वादातून काळाच्या ओघात एक ठोकळेबाज निवाडा तयार झाला आहे. त्याची चार कलमे अशी : ट्रॅकवर इव्हो सरस, रोजच्या वापराला एसटीआय बरी. इव्हो म्हणजे कॉम्प्युटरची करामत, एसटीआय म्हणजे अस्सल यंत्र. रॅलीतल्या विजयांनी दोघींची योग्यता आधीच सिद्ध झाली आहे. आणि साधी डब्ल्यूआरएक्स ही एसटीआय न परवडणाऱ्याची तडजोड. हा निवाडा निराधार नाही. इव्होचे स्टिअरिंग बराच काळ एसटीआयपेक्षा चपळ होते, तिची डिकी लहान होती आणि वळणात शिरताना तिचे नाक अधिक तत्परतेने आत वळे. पण या खऱ्या निरीक्षणांवरून काढलेले निष्कर्ष चुकीचे आहेत, कारण ते गाडीच्या नावाला चिकटवले गेले. गुणदोष ठरतात ते पिढीवर, कोणत्या देशासाठी गाडी बनली त्यावर आणि कोणता सुटा भाग बसवला त्यावर.

एक नाव, अनेक गाड्या

इव्होच्या दहा आवृत्त्या निघाल्या. पहिल्या तीन एका सांगाड्यावर, चौथी ते सहावी दुसऱ्या, सातवी ते नववी तिसऱ्या आणि दहावी चौथ्या सांगाड्यावर उभी होती. पहिल्या नऊ आवृत्त्यांत ओतीव लोखंडी ब्लॉकचे ४जी६३ हे इंजिन होते. २००७च्या इव्हो १०मध्ये ॲल्युमिनियमचे ४बी११ हे संपूर्ण नवे इंजिन आले. सुबारूनेही चार पिढ्या बदलल्या, मधल्या काळात एसटीआय काही वर्षे फक्त हॅचबॅक रूपात विकली आणि नंतर पुन्हा सेडानकडे वळली. जपानमधील एसटीआय जवळजवळ शेवटपर्यंत दोन लिटरच्या इंजिनावर धावली, तर अमेरिकेला पहिल्यापासून अडीच लिटरचे इंजिन मिळाले. म्हणजे ‘एसटीआयचे इंजिन’ असे मोघम बोलण्यातच दोन वेगळ्या स्वभावांची यंत्रे एकत्र कोंबली जातात : एक वरच्या आरपीएमवर फिरण्यात रमणारे, दुसरे मोठ्या आकारामुळे टॉर्कवर भर देणारे.

देशागणिक पडणारा फरक तर याहून मोठा आहे. जपानमध्ये इव्होला १९९६च्या चौथ्या आवृत्तीपासून मागच्या दोन चाकांत ताकद कमीजास्त वाटणारे एवायसी हे डिफरन्शियल मिळाले आणि २००१च्या सातव्या आवृत्तीपासून पुढच्या-मागच्या चाकांमधली बांधणी इलेक्ट्रॉनिक पद्धतीने घट्ट-सैल करणारी एसीडी ही यंत्रणा आली. अमेरिकेत इव्हो पहिल्यांदा २००३मध्ये पोचली तेव्हा तिच्यात यांपैकी काहीच नव्हते. तिथल्या इव्हो ८मध्ये मधले डिफरन्शियल साध्या व्हिस्कस कपलिंगने आवळले जाई. एसीडी २००५च्या मॉडेलमध्ये आली आणि एवायसीसाठी अमेरिकी ग्राहकाला इव्हो १०पर्यंत थांबावे लागले. याउलट २००४ची अमेरिकी एसटीआय डीसीसीडी हे इलेक्ट्रॉनिक नियंत्रणाचे मधले डिफरन्शियल घेऊनच आली होती. तिच्या ‘ऑटो’ अवस्थेत पुढच्या-मागच्या चाकांची बांधणी किती घट्ट करायची हे कॉम्प्युटर ठरवी.

‘इव्हो कॉम्प्युटरवर वळते, एसटीआय यंत्रावर’ हे कलम इथेच कोसळते. ज्या वर्षांत ही दोन नावे अमेरिकेत समोरासमोर आली आणि तुलनेचा जोर वाढला, त्या वर्षांत तिथे अधिक यांत्रिक गाडी इव्हो होती आणि अधिक इलेक्ट्रॉनिक गाडी एसटीआय. तरीही वळणात शिरण्याच्या चपळाईबद्दल कौतुक इव्होचेच झाले. म्हणजे त्या चपळाईचे श्रेय एवायसीला देता येत नाही. ते १३:१ अशा जलद गुणोत्तराच्या स्टिअरिंगकडे, पक्क्या पुढच्या सस्पेन्शनकडे आणि मूळच्या टायरांकडे जाते. जपानी इव्होची ख्याती अमेरिकी इव्होला चिकटली आणि कारणमीमांसाही तिच्याबरोबर उसनी आली.

जपानमध्येही चित्र सरळ नव्हते. रॅलीसाठी विकल्या जाणाऱ्या इव्होच्या आरएस आवृत्तीत एवायसी काढून साधे यांत्रिक लिमिटेड-स्लिप डिफरन्शियल बसवलेले असे. दुसरीकडे सुबारू इलेक्ट्रॉनिक्सकडे अधिकाधिक झुकत गेली. २०१८च्या एसटीआयमध्ये डीसीसीडीतला उरलासुरला यांत्रिक हिस्सा काढून ती संपूर्ण इलेक्ट्रॉनिक करण्यात आली. ‘अस्सल यंत्र’ म्हणून जिचा गौरव होतो, तिची शेवटची आवृत्ती या बाबतीत प्रतिस्पर्धिनीच्या वाटेनेच गेलेली होती.

रॅलीतले विजय काय सिद्ध करतात

तिसरे कलम रॅलीचे. त्यामागची घटना खरी आहे. कॉलिन मॅकरेने १९९५मध्ये, रिचर्ड बर्न्सने २००१मध्ये आणि पेटर सोलबर्गने २००३मध्ये इम्प्रेझा चालवत जागतिक रॅली विजेतेपद मिळवले. उत्पादकांचे विजेतेपद सुबारूने १९९५ ते १९९७ अशी सलग तीन वर्षे पटकावले. टोमी मॅकिनेनने १९९६ ते १९९९ सलग चार वर्षे इव्होतून चालकांचे विजेतेपद जिंकले आणि १९९८मध्ये उत्पादकांचा मान मित्सुबिशीला मिळाला. प्रश्न असा की या यादीवरून शोरूममधल्या गाडीबद्दल काय ठरते.

ग्रुप-ए नियमांच्या काळात कंपनीला रॅलीची गाडी ज्या गाडीवर बेतायची ती ठरावीक संख्येने सामान्य ग्राहकांना विकावी लागे. दोन्ही गाड्यांचा जन्म या अटीतून झाला, त्यामुळे तेव्हा रॅली आणि रस्ता यांच्यात खरे नाते होते. १९९७मध्ये वर्ल्ड रॅली कार हा नवा वर्ग आला आणि त्या वर्गात शोरूमच्या गाडीशी असलेले नाते बरेच सैल झाले. सुबारू लगेच त्या वर्गात गेली. दोन दारांच्या सांगाड्यावर बांधलेली तिची १९९७ची रॅली कार आणि दुकानातली चार दारांची एसटीआय यांच्यात नाव आणि इंजिनाची मूळ ठेवण यांपलीकडे साम्य कमीच होते. मित्सुबिशी मात्र २००१पर्यंत ग्रुप-एमध्ये टिकून राहिली. म्हणून मॅकिनेनची विजेतेपदे रस्त्यावरच्या इव्होबद्दल जेवढे सांगतात, तेवढे बर्न्स आणि सोलबर्ग यांची विजेतेपदे रस्त्यावरच्या एसटीआयबद्दल सांगत नाहीत.

मित्सुबिशीसाठीही हा युक्तिवाद फार दूर नेता येत नाही. २००१च्या सफारी रॅलीनंतर जागतिक मालिकेत तिच्या वाट्याला विजय आला नाही आणि २००५अखेर ती बाहेर पडली. अमेरिकी ग्राहकाने पहिली इव्हो घेतली तेव्हा तिच्या नावामागची रॅलीतली सद्दी संपलेली होती. सुबारूचा शेवटचा विजय २००५चा. २००८च्या डिसेंबरमध्ये तीही माघारी गेली. आज सेकंडहँड बाजारात जास्त करून मिळणाऱ्या इव्हो १० आणि शेवटच्या पिढीतील एसटीआय या गाड्यांनी जागतिक मालिकेच्या वरच्या वर्गात एकही रॅली जिंकलेली नाही.

शोरूमच्या गाडीशी जवळचा वर्ग पाहायचा असेल तर प्रॉडक्शन वर्गाचे निकाल पाहावेत, कारण तिथे बदलांना कमी मुभा होती. या वर्गात २००५ आणि २००७ साली तोशिहिरो अराई सुबारूतून विजेता ठरला, २००९ आणि २०१० साली अर्मिंदो अराउजो मित्सुबिशीतून आणि २०११ साली हेडन पॅडन पुन्हा सुबारूतून. पारडे इकडून तिकडे झुकत राहिले. दोन गाड्यांतला फरक चालक, टायर आणि संघ यांच्या फरकापेक्षा लहान होता, एवढेच त्यावरून म्हणता येते.

आकड्यांची फसवणूक

कामगिरीचा वाद बहुधा अश्वशक्तीवर येतो. जपानी आकड्यांबाबत तर हा वाद निरर्थक होता. देशांतर्गत गाड्यांची जाहीर ताकद २८० पीएसच्या पुढे न्यायची नाही असा तिथल्या उत्पादकांचा आपसांतला करार २००४पर्यंत चालू होता. १९९६मध्ये इव्हो ४ आणि त्याच वर्षीची एसटीआय या दोन्ही त्या मर्यादेला टेकल्या आणि पुढची आठ वर्षे माहितीपत्रकात २८० हाच आकडा छापला गेला. प्रगती झाली ती टॉर्कमध्ये. इव्होचा टॉर्क चौथ्या आवृत्तीतील ३५३ न्यूटन-मीटरवरून आठव्या आवृत्तीत ३९२वर गेला. एसटीआयचा १९९६च्या ३४३वरून २०००च्या नव्या पिढीत ३७३वर. ताकदीचा आकडा गोठलेला असताना गाडी प्रत्यक्षात वेगवान होत गेली. तो आकडा तुलनेला किती निकामी होता, हे यावरून कळावे.

करार संपल्यावर आकडे मोकळे झाले, तरी त्यांतून निवाडा निघत नाही. अमेरिकेतील इव्हो १०ची ताकद २९१ अश्वशक्ती आणि टॉर्क ४०७ न्यूटन-मीटर. २०१५च्या एसटीआयची ३०५ अश्वशक्ती आणि ३९३ न्यूटन-मीटर. एकीकडे चौदा अश्वशक्ती जास्त, दुसरीकडे चौदा न्यूटन-मीटर जास्त. इव्हो साधारण साठ किलोंनी जड. या फरकांची बेरीज-वजाबाकी शून्याच्या आसपासच येते.

स्थिर अवस्थेतून ताशी ९६ किलोमीटर गाठायला लागणारा वेळ हा आणखी एक लाडका आकडा. दोन्हींसाठी तो पाच सेकंदांच्या आगेमागे मोजला गेला आहे. पण तो ज्या पद्धतीने मिळतो ती रोज वापरायची नाही : इंजिन पाच हजारांच्या पुढे फिरवायचे आणि क्लच एकदम सोडायचा. चारही चाकांना पकड असल्याने टायर घसरून ताण हलका करत नाहीत. सगळा धक्का क्लच आणि गिअरबॉक्स सोसतात. ‘कार अँड ड्रायव्हर’ हे अमेरिकी मासिक म्हणूनच ताशी ८ किलोमीटरच्या संथ गतीपासून सुरू होणारी वेगळी चाचणीही देते. तिच्यात अशा लहान इंजिनाच्या, मोठ्या टर्बोच्या गाड्यांचा वेळ एक सेकंदाहूनही वाढू शकतो. सिग्नलवरून निघताना किंवा दुसऱ्या गाडीला मागे टाकताना अनुभवाला येतो तो हा दुसरा आकडा. जाहिरातीत आणि वादात मिरवतो तो पहिला.

ट्रॅक आणि रोजचा वापर हे दोन वेगळे रकाने नाहीत

‘ट्रॅकसाठी ही, रोजसाठी ती’ या वाटणीत एक गृहीतक लपलेले आहे : कामगिरीचे गुण एका रकान्यात आणि सोयीचे गुण दुसऱ्या रकान्यात मांडता येतात. या गाड्यांत तसे करता येत नाही. जो भाग ट्रॅकवर गुण मिळवतो, तोच बहुतेक वेळा घरी गुण घालवतो.

इव्हो १०ची डिकी हे याचे ठळक उदाहरण. इंजिन आडवे बसवलेल्या या गाडीत पुढच्या चाकांवर भार जास्त पडतो. तो कमी करण्यासाठी मित्सुबिशीने बॅटरी आणि काच धुण्याच्या पाण्याची टाकी मागे डिकीत नेली. वळणातला तोल सुधारला आणि डिकी सुमारे १९५ लिटरवर आली. मागचे आसनही दुमडत नाही. शेवटच्या एसटीआयची डिकी सुमारे ३४० लिटरची आणि तिचे मागचे आसन दुमडते. सामान न्यायचे असेल तर एसटीआय सरस, यात वाद नाही. पण त्याचे कारण सुबारूला घरगुती वापराचा अधिक कळवळा होता असे नाही. तिचे बॉक्सर इंजिन सपाट आणि बुटके असले तरी ते पुढच्या आसाच्याही पुढे बसते, त्यामुळे सुबारूचे नाकही जडच होते. तिने फक्त तो भार मागे हलवण्याचा हा उपाय केला नाही. ‘बॉक्सरमुळे गुरुत्वमध्य खाली, म्हणून तोल उत्तम’ हा दावा अर्धाच खरा ठरतो. गुरुत्वमध्य खाली असतो, पण पुढेही असतो.

वळण्याच्या वर्तुळाचेही तसेच. इव्होच्या पुढच्या चाकांना पूर्ण वळायला जागा कमी पडते; तिला उलट फिरायला जवळजवळ बारा मीटर व्यासाची जागा लागते, एसटीआयला सुमारे अकरा. अरुंद पार्किंगमध्ये हा मीटर रोज जाणवतो. इंधनाची टाकी इव्हो १०मध्ये ५५ लिटरची, एसटीआयमध्ये ६०ची, आणि अमेरिकी सरकारी मोजणीनुसार दोन्हींचे मायलेज लिटरला आठ किलोमीटरच्या आसपास. म्हणजे एका टाकीत एसटीआय फार तर चाळीस किलोमीटर जास्त जाते. दोन्हींना महागडे, जास्त ऑक्टेनचे पेट्रोल लागते. दोन्हींचे वरचे गिअर आखूड, त्यामुळे महामार्गावर इंजिन सतत गुरगुरत राहते.

रोजच्या वापराच्या रकान्यात इव्होच्या बाजूने जाणाऱ्या गोष्टी मात्र प्रचलित निवाड्यात मोजल्याच जात नाहीत. २००२मध्येच जपानमध्ये इव्हो ७ची जीटी-ए ही पाच गिअरची ऑटोमॅटिक आवृत्ती निघाली होती. इव्हो १०ला सहा गिअरचा ट्विन क्लच एसएसटी गिअरबॉक्स मिळाला; क्लच पेडल नसलेली गाडी कोंडलेल्या वाहतुकीत डाव्या पायाला विश्रांती देते. अमेरिकेत एसटीआयला ऑटोमॅटिक गिअर कधीच मिळाला नाही. ज्याचा रोजचा दीड तास शहरातल्या गर्दीत जातो, त्याच्यासाठी ‘रोजची गाडी’ मग इव्हो ठरते. टायमिंगचीही तीच गोष्ट : इव्हो १०च्या इंजिनात चेन आहे. एसटीआयचे अडीच लिटरचे इंजिन २०२१पर्यंत रबरी बेल्टवर चालले. तो बेल्ट ठरावीक अंतरानंतर बदलावा लागतो आणि तुटला तर व्हॉल्व्ह आणि पिस्टन एकमेकांवर आदळतात. नव्या इव्होचा मालक या खर्चातून सुटतो, नव्या एसटीआयचा सुटत नाही.

एसटीआय मऊ आणि इव्हो कडक, हाही जुन्या पिढीवरून बांधलेला आडाखा. २०१५च्या एसटीआयमध्ये सुबारूने स्प्रिंग कडक केल्या आणि स्टिअरिंगचे गुणोत्तर १५:१वरून १३:१वर आणले. म्हणजे तिने नेमका तोच आकडा स्वीकारला ज्यामुळे एके काळी इव्हो चंचल म्हणवली जात होती. खड्ड्यांच्या रस्त्यावर शेवटची एसटीआय इव्हो १०पेक्षा सुखाची आहे असे ठामपणे म्हणण्याला आधार नाही.

तुच्छ मानलेली डब्ल्यूआरएक्स

चौथे कलम सर्वांत कमी तपासले जाते आणि रोजच्या वापरासाठी सर्वांत जास्त दिशाभूल तेच करते. २०१५ ते २०२१ या मॉडेलांतील साध्या डब्ल्यूआरएक्समध्ये एसटीआयहून नवे इंजिन होते : दोन लिटरचे, थेट इंधन फवारणीचे एफए२०. एसटीआयचे अडीच लिटरचे इंजिन मूळच्या ईजे मालिकेतले, म्हणजे १९८९च्या लेगसीपासून चालत आलेल्या घराण्यातले. डब्ल्यूआरएक्सची ताकद २६८ अश्वशक्ती, टॉर्क ३५० न्यूटन-मीटर. दोन्ही आकडे एसटीआयपेक्षा कमी. पण तिचा संपूर्ण टॉर्क २,००० आरपीएमवर हजर होतो आणि ५,२००पर्यंत टिकतो. एसटीआयचा कमाल टॉर्क ४,००० आरपीएमवर येतो, इव्हो १०चा ४,४००वर. शहरात इंजिनाचा बहुतेक वेळ दोन ते साडेतीन हजारांत जातो. त्या पट्ट्यात माहितीपत्रकावर दुबळी दिसणारी गाडी पाय दाबताच निघते, आणि बलवान दिसणाऱ्या दोन्ही गाड्या टर्बो भरण्याची वाट पाहत राहतात.

मायलेजमध्येही फरक ठळक आहे. अमेरिकी मोजणीनुसार मॅन्युअल डब्ल्यूआरएक्स लिटरला सुमारे पावणेदहा किलोमीटर देते. टाकी एसटीआयएवढीच, म्हणून एका भरणीत ती शंभर किलोमीटर पुढे जाते. टायमिंगला चेन आहे आणि ज्याला हवा त्याला सीव्हीटी ऑटोमॅटिकही उपलब्ध होता.

तिची उणी बाजूही तितकीच स्पष्ट आहे. मॅन्युअल गाडीत मधले डिफरन्शियल व्हिस्कस आहे, पुढची-मागची डिफरन्शियल साधी आहेत. वळणात आतले चाक ब्रेक लावून आवरले जाते. एसटीआय आणि इव्होचे मोठे ब्रेम्बो ब्रेक तिला नव्हते. ट्रॅकवर सलग फेऱ्या मारल्या तर तिचे ब्रेक आधी तापतात आणि वळणातून बाहेर पडताना ती ताकद तितक्या कुशलतेने वाटू शकत नाही. इव्होची एवायसी बाहेरच्या मागच्या चाकाला जास्त फिरवून गाडीचे तोंड वळवते आणि त्यात वेग खर्ची पडत नाही. ब्रेकवर आधारलेली युक्ती आतल्या चाकाला रोखते, त्यामुळे वेग आणि ब्रेक दोन्ही खर्ची पडतात. मर्यादेच्या टोकावर हा फरक निर्णायक आहे. पण सार्वजनिक रस्त्यावर त्या टोकापर्यंत जाणे बेकायदा आणि धोक्याचे. रोजच्या गाडीची योग्यता टोकावरून मोजणाऱ्या मोजपट्टीनेच डब्ल्यूआरएक्सला तळाशी ढकलले आहे.

याच मोजपट्टीने इतर प्रतिस्पर्धीही झाकले गेले. सुबारूचीच लेगसी जीटी, २००५मध्ये अडीच लिटर टर्बो आणि २५० अश्वशक्तीसह आलेली. माझदास्पीड ६, २७४ अश्वशक्तीची. दोन्ही चारचाकी ताकदीच्या, टर्बो, मोठ्या आसनांच्या, शांत केबिनच्या सेडान. वेग आणि रोजची सोय एकत्र मागणाऱ्यासाठी त्या खास बनल्या होत्या. माझदाने आपली गाडी दोन मॉडेल-वर्षांतच गुंडाळली. रॅलीचे वलय नसल्याने त्या वादात कधी आल्या नाहीत, आणि वादात नसल्याने खरेदीच्या यादीतही फारशा आल्या नाहीत.

टिकाऊपणाची दंतकथा

‘इव्होचे इंजिन अभेद्य, सुबारूचे काचेचे’ हे वाक्यही पिढी न सांगता फेकले जाते. ४जी६३चा लोखंडी ब्लॉक खरोखर दणकट होता. ब्रिटनमध्ये त्यावर ४०० अश्वशक्तीच्या पुढची एफक्यू-४०० ही गाडी हमीसह विकली गेली. पण त्या इंजिनाला टायमिंग बेल्टच्या जोडीला बॅलन्स शाफ्टचाही वेगळा बेल्ट असतो आणि अमेरिकी वेळापत्रकात टायमिंग बेल्ट साधारण ९६ हजार किलोमीटरला बदलायचा असतो. सुबारूच्या ईजे इंजिनाचा बेल्ट जवळपास १ लाख ७० हजार किलोमीटर चालतो. त्याच ईजेच्या अडीच लिटर टर्बो रूपात मात्र पिस्टनवरील रिंगांमधला भाग तुटण्याची तक्रार सर्वज्ञात आहे; चुकीचे ट्यूनिंग आणि कमी ऑक्टेनचे पेट्रोल यांनी ती लवकर ओढवते. बॉक्सर इंजिनाच्या बाजूला चॅसिसच्या तुळया असल्याने स्पार्क प्लग बदलणेही कटकटीचे.

इव्हो १०च्या बाजूला वेगळ्या तक्रारी आहेत. एवायसीला दाब पुरवणारा पंप मागच्या चाकाजवळ बसतो; हिवाळ्यात रस्त्यांवर मीठ पसरणाऱ्या देशांत तो गंजतो आणि बदलायला महाग पडतो. एसएसटी गिअरबॉक्सला तेल आणि फिल्टर वेळेवर लागतात. हयगय केली तर खर्च मोठा. म्हणजे इव्होला ट्रॅकवर वरचढ ठरवणारी यंत्रणाच तिला घरी महाग करते. एसटीआयला रॅलीचा वारसा देणारे जुने इंजिनही तिच्या बाबतीत तेच करते. टिकाऊपणाही पुन्हा भागापाशीच येऊन थांबतो, आणि सेकंडहँड गाडीत त्याहून जास्त आधीच्या मालकाच्या हातापाशी. ट्यून बदललेली, दहा वर्षे जुनी गाडी विकत घेताना बॉनेटवरचे चिन्ह कमी महत्त्वाचे आणि देखभालीची कागदपत्रे अधिक महत्त्वाची.

चारही चाके आणि हवामान

रोजच्या वापराच्या बाजूने दिला जाणारा शेवटचा युक्तिवाद असा की चारही चाकांना ताकद असल्याने या गाड्या पाऊस-बर्फात सुरक्षित आहेत. ताकद चार चाकांत वाटल्याने निघताना आणि चढावर फायदा होतो, हे खरे. ब्रेक मात्र प्रत्येक गाडी चारही चाकांनीच लावते, आणि वळणात धरून ठेवतो तो टायर. इव्हो १० आणि २०१५ची एसटीआय दोन्ही कारखान्यातून २४५/४० मापाच्या, अठरा इंची चाकांवरील उन्हाळी टायरांवर येत. असे रबर ७ अंश सेल्सिअसच्या खाली कडक होते. बर्फात उन्हाळी टायरांवरच्या एसटीआयपेक्षा हिवाळी टायरांवरची साधी पुढच्या चाकांची हॅचबॅक लवकर थांबते. चारचाकी ताकदीचा खरा धोका हाच की ती गाडीला वेग सहज घेऊ देते, पण थांबवताना तिची मदत होत नाही.

भारतात या वादाचा प्रत्यक्ष संबंध थोडाच आला. इव्हो १० हिंदुस्तान मोटर्समार्फत २०१०मध्ये इथे विकायला आली, पण ती फार थोड्या लोकांपर्यंत पोचली. सुबारूचे इंजिन इथल्या रस्त्यांवर धावले ते शेव्हरोले फॉरेस्टर या उसन्या नावाखाली. इव्हो १० आणि शेवटची एसटीआय या दोन्हींचा जमिनीपासूनचा उंचावा चौदा सेंटिमीटरच्या आसपास, त्यामुळे इथल्या गतिरोधकांसमोर त्यांच्यातला वाद तसाही बरोबरीत सुटतो.

निवड कशावर करावी

प्रचलित निवाड्यातून तपासाअंती उरते ते मोजके. ट्रॅकवर एवायसी असलेली इव्हो, म्हणजे जपानी चौथी ते नववीची जीएसआर ही रस्त्यासाठीची आवृत्ती किंवा कोणत्याही देशातली दहावी, वळणातून बाहेर पडताना एसटीआयपेक्षा सरस आहे. अमेरिकी आठवी-नववी इव्हो सरस असली तर ती स्टिअरिंग आणि सस्पेन्शनमुळे. सामान आणि वळण्याच्या जागेत शेवटची एसटीआय इव्हो १०च्या पुढे आहे. गर्दीतल्या गिअरबॉक्समध्ये आणि टायमिंग चेनमध्ये मागे आहे. आणि ज्याचे वर्षातले तीनशे साठ दिवस साध्या रस्त्यावर जातात, त्याच्यासाठी या दोन्हींपेक्षा २०१५ ते २०२१ची डब्ल्यूआरएक्स वेगवान वाटते, कमी पिते आणि कमी छळते. ट्रॅकवरचे उरलेले पाच दिवस ज्याला मोलाचे वाटतात त्याने इव्हो किंवा एसटीआय जरूर घ्यावी, मात्र त्या पाच दिवसांची किंमत बाकीच्या दिवसांत भरावी लागते हे धरून. ही किंमत दोन्ही गाड्या वसूल करतात. एक डिकीतून आणि पंपातून, दुसरी बेल्टमधून आणि पिस्टनमधून. त्या किमतीतून एसटीआयला सूट देणारा निवाडा पुराव्यावर टिकत नाही.